पी, बू आणि शीन

माझ्या मुलीला ऐकू येत नाही हे आम्हाला कळलं ते दौंडला, आणि तेही कौतुकातून. मी मूळची दौंडची. वडील रेल्वेत, आणि क्वार्टर रुळांच्या इतकं जवळ की गाडी सुटली की मांडणीवरची भांडी किणकिणायची. दिवाळीला लेकीला घेऊन माहेरी गेले होते. दीड वर्षाची पोर अंगणात पाठमोरी बसून मातीत खेळत होती, आणि मागून मालगाडीच्या इंजिनानं असा काही भोंगा दिला की त्या आवाजात वाढलेली मीसुद्धा दचकले. ती हलली नाही. वडील खूश. रेल्वेची नात आहे, इंजिनाला भीत नाही, असं त्यांनी क्वार्टरभर सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं तेव्हा आईनं माझ्याकडे बघितलं आणि मी आईकडे. आम्हा दोघींना एकदमच कळलं. वडील मात्र अजून हसतच होते, आणि त्यांना गप्प करायचं कोणी, हेच आम्हाला सुचेना.

पुण्यात तिला झोपवून, डोक्याला वायरी लावून तपासणी झाली. दोन्ही कान, असं डॉक्टर म्हणाले. जाडेभरडे आवाज थोडेफार पोचतात, बारीक आवाज जवळजवळ नाहीतच. कानाची मशीनं बसवा, रोज घरी आवाज ओळखायला शिकवा आणि वेळ घालवू नका. या वयात जे कानावाटे डोक्यात गेलं नाही ते पुढं जाणं अवघड. म्हणजे माझी मुलगी बोलणार की नाही, हे पुढच्या दोन-तीन वर्षांत आमच्याच घरात ठरणार होतं. मला भयंकर राग आला. कोणाचा ते कळेना, म्हणून मी तो सगळ्यांवर काढला. डॉक्टरांवर, नवऱ्यावर, आणि सगळ्यात जास्त वडिलांवर, ज्यांचा काडीचाही दोष नव्हता. वडिलांनी त्यानंतर इंजिनाचा विषय कधी काढला नाही.

आम्ही शिरूरला राहायचो. नवरा निमोण्याच्या शाळेत शिक्षक, आणि मुलीला सांभाळायला खुटबावहून आलेल्या माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. आत्यांना हे निदान मुळीच मान्य नव्हतं. काही पोरं उशिरा बोलत्यात, हिचा बापबी उशिराच बोलला, हे त्यांचं एकच पालुपद. कानाची मशीनं आली तेव्हा त्यांनी काय करावं? मुलीच्या डोक्याला स्कार्फ बांधला, थेट कान झाकून. लोकांच्या नजरेला कशाला दाखवायचं, म्हणाल्या. आता त्या मशीनची गंमत अशी की ते झाकलं गेलं की शिट्टी मारतं. कुईं कुईं करत पोर गल्लीतून चालली की जे बघत नव्हते तेही वळून बघायचे. मी स्कार्फ सोडायचे, कामावर गेले की आत्या पुन्हा बांधायच्या. आमचं भांडण असं कधी झालं नाही, पण त्या स्कार्फच्या गाठी माझ्या पोटात बसायच्या.

घरी आवाज शिकवायचे ते असे. पुण्याच्या मॅडमनी दाखवलं होतं. मुलीला समोर बसवायचं, हातानं तोंड झाकायचं म्हणजे ओठ बघून ती अंदाज करणार नाही, मग आवाज करायचा आणि थांबायचं. ढोलकी, डबा, खुळखुळा. भू भू, म्याव म्याव. ती झाकलेल्या हाताकडे बघायची, मग माझ्या डोळ्यांकडे, आणि मग कंटाळून उठून जायची. ढोलकीला तेवढी महिन्या-दोन महिन्यांनी मान वळवायला लागली. पुढं गाडी सरकेना. रोज संध्याकाळी मी घरात ढब ढब करत बसायचे, आणि खालच्या घरमालकीणबाई विचारायच्या की भजनी मंडळ काढलं का काय. मी त्यांनाही फाडकन बोलले होते एकदा.

आणि दैवाची चेष्टा बघा, दिवसभर माझी नोकरीही आवाजांचीच होती. पुण्यात होस्टेलवर राहून मी जपानी शिकले होते. शिकते म्हटलं तेव्हा वडिलांनी विचारलं होतं की ते खायचं असतं की अंगाला लावायचं. पण पैसे त्यांनीच भरले. त्या जोरावर रांजणगावच्या एमआयडीसीत एका जपानी कंपनीत दुभाषी म्हणून लागले. गाड्यांची बटणं बनायची तिथं. आख्ख्या शिरूर तालुक्यात जपानी येणारी मी एकटीच, असं मी धरूनच चालले होते, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगत होते.

तो तोरा पहिल्या आठवड्यातच उतरला. नवी लाइन बसवायला जपानहून एक इंजिनिअर आले होते. पन्नाशीचे, बुटके, कायम खिशाला चार पेनं. त्यांचं नाव कोणालाच धड म्हणता येईना, म्हणून सगळे नुसतं 'सान' म्हणायचे. म्हणजे नाव नाहीच, पुढचं 'साहेब' तेवढं. त्यांनी मला नव्या मशीनच्या पॅनेलपुढं उभं केलं आणि समजावलं की 'पित्तो' झालं की बटण दाबायचं, 'पीपीपी' झालं की थांबायचं, आणि 'बू' झालं तर हात लावायचा नाही, त्यांना बोलवायचं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मला आदरार्थी क्रियापदं येत होती, पेपर वाचता येत होता, एखाद्या मंत्र्याचं भाषणसुद्धा मी मराठीत करून सांगितलं असतं. हे पी आणि बू मात्र माझ्या एकाही धड्यात नव्हते.

लाइनवरचे सगळ्यात जुने फिटर म्हणजे मामा. शिरूरचंच जुनं मुसलमान कुटुंब, अर्धी एमआयडीसी त्यांना मामाच म्हणायची. मी गप्प उभी बघून त्यांनी आपल्या परीनं अर्थ लावला. सान आदल्या दिवशी कॅन्टीनचा झणझणीत रस्सा ओरपून लाल झालेले सगळ्यांनी बघितले होतेच. मामा गेले आणि पेलाभर थंड दूध साखर घालून घेऊन आले. साहेबाला द्या म्हणाले, कवापासनं बिचारा पित्त पित्त करतोय, पित्तावर थंड दुधासारखं दुसरं न्हाई. सान यांनी दोन्ही हातांनी पेला घेतला, वाकले, सगळं दूध प्यायले, ओठ पुसले आणि पुन्हा पॅनेलकडे बोट करून म्हणाले, पित्तो. मामांनी माझ्याकडे बघितलं, 'लईच वाढलंय की' अशा चेहऱ्यानं, आणि दुसरा पेला आणायला वळले. तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. पी हा आवाज, आणि 'तो' म्हणजे 'असं'. पी असं वाजलं की बटण दाबा. एवढंच.

मी हसून हसून खाली बसले. सान यांना पित्त म्हणजे काय ते सांगितलं, तर तेही हसले, आणि पुढं कित्येक दिवस पोटावर हात ठेवून 'पित्तो' म्हणत मामांकडे दूध मागायचे. ते मामांना मान देऊन 'मामा-सान' म्हणायचे आणि दर वेळी ओठ दाबून हसायचे. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की त्यांच्याकडे मामा-सान म्हणजे दारूचा बार चालवणारी बाई. मामा पाच वेळचे नमाजी. हे भाषांतर मी गिळून टाकलं, ते आजतागायत.

मग मी ते आवाज शिकायला लागले. मला वाटायचं मशीनचा आवाज म्हणजे आवाज, त्याला काय भाषा असते? पण सान यांच्याकडे प्रत्येकाला शब्द होता. एकदाच, छोटासा, काम झालं सांगणारा तो पी. घाई करणारा पीपीपी. लांबच लांब पीइइ म्हणजे कोणीतरी या, मला एकट्याला जमत नाही. चुकलं की बू, टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत चुकीच्या उत्तराला वाजतो तसा. बरोबर आलं की पिनपोन, दाराच्या बेलसारखं. बटण बसलं की काची, नीट नाही बसलं की काचा, आणि या दोघांतला फरक कळला नाही तर माल परत. जेवण गरम करणाऱ्या मायक्रोवेव्हच्या आवाजावरून त्यांनी क्रियापदच केलेलं: चिन् करणे. मी पहिल्यांदा या सगळ्याला मराठीत 'ध्वनिसंकेत क्रमांक एक, दोन' अशी नावं दिली, तर मामा म्हणाले, हे कुठल्या गावचं पाव्हणं? मग म्हटलं, राहू दे पी आणि बू. महिन्याभरात लाइनवर सगळे तेच बोलायला लागले. एक उत्तर प्रदेशातला मुलगा तेवढा पहिल्या दिवशी मशीनला नाक लावून हुंगत बसला होता, कारण हिंदीत बू म्हणजे वास.

एकदा दुपारी लाइट गेली. जनरेटरही चालू होईना. आख्खी शेड एका झटक्यात थांबली, पंखे, पट्टे, कॉम्प्रेसर, सगळं. सान मध्ये उभे होते. त्यांनी दोन्ही हात बाजूला पसरले, डोळे मोठे केले आणि हळूच म्हणाले, "शीन." मी विचारलं, हा कशाचा आवाज? ते म्हणाले, कशाचाच नाही. काहीही वाजत नसलं की जे वाजतं ते शीन. मी मामांना तसंच सांगितलं. मामांनी कपाळावरचा घाम पुसला.

"म्हंजी आवाज न्हाई त्याचा आवाज? साहेबाला ऊन लागलंय, मॅडम."

मी घरी जाऊन हे नवऱ्याला आणि आत्यांना सांगितलं, तेव्हा आत्याही हसल्या. नवरा म्हणाला, आपल्याकडे शुकशुकाट म्हणतातच की. ते मला पटलं. पण शुकशुकाट रस्त्यावर असतो, बाजारात असतो, माणसं नसली की होतो. शीन कानात असतो. त्या दिवशी मुलगी समोर बसून डब्याचं झाकण चोखत होती, आणि मला वाटलं, हिच्या कानात जे आहे ते शीन. नंतर कळलं की माझं तेही चुकलंच होतं.

आमच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी. गुरुवारी मी मुलीला पुण्याला मॅडमकडे न्यायचे. एका आठवड्यात सान म्हणाले, गुरुवारी ट्रायल आहे, या. मी नाही म्हटलं. त्यांनी कारण विचारलं. मी अगदी नीट, परीक्षेत लिहितात तसं वाक्य तयार केलं की माझ्या मुलीला ऐकू येत नाही, आणि बोलता बोलता मला रडू फुटलं. परक्या भाषेत रडणं फार वाईट. मी क्रियापदाची रूपं चुकत होते आणि चुकतेय हे मला कळत होतं. सान यांनी सांत्वन वगैरे काही केलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "वरचे आवाज येत नाहीत की खालचे?"

तोवर लोकांनी मला नाना प्रश्न विचारले होते. गरोदरपणात काय खाल्लं, नात्यात लग्न केलं का, कोणाचा नवस राहिला का. आवाजाबद्दल विचारणारा हा पहिलाच माणूस. मी सांगितलं, वरचे. त्यांनी मान हलवली आणि ट्रायल शुक्रवारवर ढकलली.

मग एका गुरुवारी संध्याकाळी ते शिरूरला आमच्या घरी आले. आत्या दारातच ताठ उभ्या होत्या. परका माणूस, त्यात पोरीचं बघायला आलेला. सान यांनी बूट काढले, आत आले, आणि समोर फळीवरची बुद्धमूर्ती दिसली तसे तिथंच उभे राहून त्यांनी हात जोडले, डोळे मिटले. आत्या बघतच राहिल्या. मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाल्या, अगं हा तर आपल्यातलाच हाय की. त्या दिवसापासून सान आत्यांचे पाव्हणे झाले, आणि ते येणार कळलं की कमी तिखटाची वेगळी आमटी व्हायला लागली.

त्यांनी मुलीसाठी आणलं होतं ते खेळणं नव्हतं, स्वयंपाकघरात लावायचं एक छोटं घड्याळ होतं. वेळ लावली की ती भरल्यावर पीपीपी करायचं. खाली फरशीवर मांडी घालून बसले, मुलीच्या मशीनजवळ ते धरलं, वाजवलं, म्हणाले, पी. तिच्या चेहऱ्यावर काही नाही. त्यांनी बटण दाबून ते बंद केलं, दोन्ही हात पसरले, डोळे मोठे केले: शीन. ती हसली. ऐकून नाही, त्यांच्या हातांना हसली. त्यांनी पुन्हा केलं. पी. शीन. पी. शीन. तिनं हात पसरून नक्कल केली. जमलं न जमलं, त्यांना त्याचं काही नव्हतं. आम्ही आवाज करून तिच्या तोंडाकडे बघत बसायचो, आता वळेल, मग वळेल, आणि तिला ते कळायचं. हा माणूस वाट बघत नव्हता, म्हणून ती उठून गेली नाही. जाताना ते घड्याळ त्यांनी आमच्या कपाटाला चिकटवून ठेवलं, मागं लोहचुंबक होतं त्याच्या.

पुण्याच्या मॅडमना मी हे उत्साहानं सांगितलं तर त्यांनी मलाच झापलं. मुलीला एक भाषा येत नाही आणि तुम्ही दोन शिकवताय? घरात फक्त मराठी. मी म्हटलं, मॅडम, ही भाषा नाही हो, हा आवाज आहे, घड्याळ मराठीत वाजत नाही. बराच वेळ आमचं चाललं. शेवटी त्या म्हणाल्या, बारीक आवाज पकडायला तिला सगळ्यात अवघड, श आणि स तर सर्वांत शेवटी येतात. तरी करून बघा, पण आशा लावून बसू नका. मी आशा लावली नाही म्हटलं. ते खोटं होतं. रोज कंपनीच्या बसमधून उतरताना मी आशा लावूनच घराकडे चालायचे.

त्या काळात लोडशेडिंग म्हणजे कहर होता. दिवसाचे कित्येक तास लाइट नाही. आम्ही एक इन्व्हर्टर घेतला होता. लाइट गेली की कोपऱ्यातल्या कपाटाखालून तो पी… पी… करायचा. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की कोणाचं लक्षही जात नसे.

एक दिवस संध्याकाळी घरी आले तर आत्या वैतागलेल्या. दुपारपासून पोरीनं जीव खाल्ला म्हणाल्या. सारखी पी पी करती. पाणी दिलं तर ढकलून देती, दूध दिलं तर सांडलं, सरबत केलं, तेबी न्हाई. पी म्हणती आन् पीत न्हाई. आन् कपाटाकडं पळती. अंगात ताप बीप हाय का बघ. मी चप्पलसुद्धा काढली नव्हती. मी विचारलं, कधीपासून? आत्या म्हणाल्या, लाइट गेल्यापासनं.

लाइट तेव्हा आली होती. मुलगी पाठमोरी बसून वाट्या एकमेकींत घालत होती. डोक्याला स्कार्फ होता, पण सैल झालेला, कान उघडे. मी तशीच मीटरच्या पेटीकडे गेले आणि मेन स्विच खाली ओढला. कपाटाखालून इन्व्हर्टर वाजला. वाटी घेतलेला तिचा हात थांबला. तिनं मान वळवली, माझ्याकडे नाही, आत्यांकडे नाही, सरळ कपाटाकडे, आणि बोट करून म्हणाली, "पी."

मी स्विच वर केला. पुन्हा खाली केला. पी. पुन्हा. पी. तेवढ्यात नवरा आला आणि दारातून विचारायला लागला की फक्त आपल्याच घरची लाइट का जातेय. मी त्याच्या अंगावर खेकसले, गप्प बसा आणि ऐका. त्यानं ऐकलं. मग तोही दाराला टेकून खालीच बसला. मी रडत होते, आणि माझा हात स्विचवरून निघत नव्हता. शेवटी खालच्या घरमालकीणबाई वर आल्या, फ्यूज गेला का विचारायला. त्यांना मी दारातच मिठी मारली. त्या अजूनही मला थोड्या टरकून असतात.

आत्या मुलीजवळ जाऊन बसल्या. दुपारी सांडलेल्या दुधाचा वास अजून त्यांच्या लुगड्याला होता.

"पोर सांगत हुती मला, ऐकू येतंय म्हणून. आन् मी तिला पाणी पाजत बसले गं."

असं म्हणून त्यांनी त्या स्कार्फची गाठ सोडली. घडी करून कपाटात ठेवला, आणि तो पुन्हा कधी निघाला नाही. मशीनचे सेल कसे बदलायचे ते त्यांनी माझ्याकडून दुसऱ्याच दिवशी शिकून घेतलं. शिरूरला ते मिळायचे नाहीत, पुण्याहून आणावे लागत. आत्यांनी त्यातले दोन आपल्या चंचीत पानसुपारीबरोबर ठेवायला सुरुवात केली.

शब्द मग एकेक करत आले. आई आधी नाही आलं, ते मी लपवत नाही. पी आलं, मग बू, मग बाबांना आबा, मग आई. लाइनवर मी सांगितलं तेव्हा मामांनी कॅन्टीनमधून सगळ्यांना पेलाभर दूध पाजलं, पित्तावर म्हणून. सान त्याच वर्षी परत गेले. निघताना मुलीला भेटायला आले, तेव्हा तिनं त्यांना बघताच दोन्ही हात पसरले. ते वाकले, आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात खुटबावला दिराचं लग्न होतं. सासरचा सगळा गोतावळा, आणि दौंडहून माझे आईवडीलही आले होते. माझ्या मनात धाकधूक होती. हेच ते लोक, ज्यांच्यापासून आत्यांनी ते मशीन वर्षभर लपवलं होतं. बुद्धवंदना झाली, फुलं पडली, आणि बँडवाल्यांनी अंगात आल्यासारखं वाजवायला सुरुवात केली. शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी ओरडावं लागत होतं. त्या गर्दीतून वाट काढत मुलगी आली, आमच्या समोर उभी राहिली, दोन्ही हात पसरले, डोळे मोठे केले आणि म्हणाली, "ईन."

शेजारी बसलेल्या चुलतसासूबाई हसल्या. येईन म्हणती, कुठं येती गं, असं विचारायला लागल्या. मी तोंड उघडायच्या आत आत्या बोलल्या, आणि बँडच्या वरचढ आवाजात, चार रांगांना ऐकू जाईल असं बोलल्या.

"येईन न्हाई. शीन म्हणती ती. श न्हाई येत तिला अजून. कानाच्या दोन्ही मशीनचं सेल गेल्यात, तिला आवाज न्हाई त्याचा आवाज येतोय."

दौंडच्या अंगणात इंजिन तिच्या पाठीशी ओरडलं होतं तेव्हा तिच्या कानात शीन नव्हतं. तेव्हा काहीच नव्हतं. शीन कळायला आधी काहीतरी ऐकलेलं असावं लागतं. एवढ्या गोंगाटात ती एकटी मला सांगत होती की काहीतरी होतं आणि ते गेलं, ते परत दे.

आत्यांनी चंची काढली. सगळ्यांच्या देखत तिला मांडीवर घेतलं, केस मागं सारले, दोन्ही मशीनं उघडली, सुपारीच्या बारक्या कुटक्या झटकून नवे सेल बसवले आणि मशीनं कानांत घातली. त्याच क्षणी ताशेवाल्यानं जोर केला. मुलगी अशी दचकली की तिचं डोकं आत्यांच्या हनुवटीवर आपटलं. दोन्ही हात कानांवर घेऊन, तोंड वाकडं करून तिनं बँडकडे बघितलं.

"बू," ती म्हणाली, आणि भोकाड पसरलं.

वडील पलीकडच्या खुर्चीवर बसले होते. ते उठले. त्यांचे डोळे भरले होते आणि तरी ते हसत होते, त्या दिवाळीत हसले होते अगदी तसे. त्यांनी रडणाऱ्या नातीला कडेवर घेतलं, आणि मांडवभर फिरून, भेटेल त्या प्रत्येकाला थांबवून सांगत सुटले, "आमची नात भ्याली बरं का. बँडला भ्याली."